ऐकूनच घेतलं नाही, तर मुदत कुठून मोजायची?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजच्या विषयाचं नाव जरा रुक्ष आहे: आयकर अपील न्यायाधिकरणाने फेटाळलेलं अपील पुन्हा ऐकावं, असा अर्ज करायची मुदत. नाव ऐकून कुणी उठून गेलं नाही, याबद्दल आभार. या मुदतीत काय अडकलेलं असतं ते एका उदाहरणाने सांगतो. उदाहरण कल्पित आहे, पण यातली प्रत्येक पायरी प्रत्यक्षात घडू शकते.

समजा, इचलकरंजीतले एक यंत्रमागधारक आहेत. आयकर अधिकाऱ्याने त्यांच्या बँक खात्यातली काही रोख जमा 'खुलासा नसलेली' म्हणून उत्पन्नात धरली आणि सहा लाख रुपये कर लावला. पहिलं अपील आयुक्तांकडे झालं, तिथे हरले. दुसरं अपील न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे केलं. अर्जात पत्ता दिला तो कर सल्लागाराच्या कार्यालयाचा. पुढे सल्लागाराने कार्यालय बदललं आणि नवा पत्ता कळवायचा राहिला. सुनावणीची नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत आली. १० मार्चला पुकारा झाला, कुणी उभं राहिलं नाही. अपील चालवण्यात रस दिसत नाही असं म्हणून ते फेटाळलं गेलं. आदेशही जुन्याच पत्त्यावर गेला.

नोव्हेंबरमध्ये बँकेतून फोन येतो की तुमचं खातं आयकर खात्याने गोठवलंय. सुताचे पैसे द्यायचेत, कामगारांचा पगार द्यायचाय. धावपळ करून चौकशी केल्यावर कळतं, अपील मार्चमध्येच संपलेलं आहे. थकलेल्या रकमेवर दरमहा एक टक्का, म्हणजे सहा हजार रुपये व्याज चढतंय ते वेगळं.

आता ते न्यायाधिकरणाकडे जाऊन म्हणतात, "साहेब, मला नोटीसच मिळाली नाही. एकदा ऐकून घ्या." उत्तर येतं, "आदेश मार्चचा. मार्च संपल्यापासून सहा महिने मोजायचे. मुदत ३० सप्टेंबरला संपली."

म्हणजे आदेश झाला हे कळायच्या आधीच तो बदलून मागायचा हक्क गेला. बैल गेला आणि झोपा केला, असं आपण निष्काळजी माणसाला म्हणतो. इथे तर बैल गेल्याचं मालकाला कुणी सांगितलंच नाही. हे बरोबर आहे का, आणि कायदा खरंच असं म्हणतो का, हे आज तपासायचं आहे.

तीन घड्याळं

१९६१ च्या आयकर कायद्यात या टप्प्यावर तीन मुदती आहेत. शेजारी शेजारी ठेवून बघा.

पहिली, न्यायाधिकरणाकडे अपील करायची, कलम २५३. वर्षानुवर्षं ही साठ दिवसांची होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून आदेश मिळाला तो महिना संपल्यापासून दोन महिने झाली. दोन्ही वेळा मोजणी सुरू होते ती आदेश करदात्याला कळवला गेल्यापासून. शिवाय सबळ कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे.

तिसरी आधी घेतो. न्यायाधिकरणाच्या आदेशावर उच्च न्यायालयात अपील, कलम २६०अ. मुदत १२० दिवस, आदेश मिळाल्यापासून. उशीर माफ करायचा अधिकार इथेही आहे.

आता मधली. न्यायाधिकरणाने आपल्याच आदेशातली उघड दिसणारी चूक दुरुस्त करायची, कलम २५४(२). मुदत सहा महिने, आणि मोजणी आदेश ज्या महिन्यात *झाला* तो महिना संपल्यापासून. मिळाला त्या महिन्यापासून नव्हे. उशीर माफ करण्याबद्दल इथे एक शब्द नाही.

पहिलं आणि तिसरं घड्याळ माणसाच्या हातात कागद पडल्यावर सुरू होतं. मधलं एकटंच न्यायाधीशाची सही झाल्यावर सुरू होतं. आमचे यंत्रमागधारक नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयात वेळेत आहेत, पण ज्या खंडपीठाने त्यांना ऐकलं नाही त्याच्याकडे उशिरा आहेत. उच्च न्यायालयाच्या अपिलात मात्र कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो. "मला नोटीस मिळाली नाही" एवढं साधं गाऱ्हाणं सांगायला एवढा मोठा जिना चढायचा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; इथे पायऱ्याच वाढवून ठेवल्यात.

मुळात न ऐकता फेटाळता येतं का?

तुम्ही विचाराल, माणूस आला नाही म्हणून अपील फेटाळायचा अधिकार आहे तरी का? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली चेन्नियप्पा मुदलियार खटल्यात दिलंय. तेव्हा १९२२ चा कायदा आणि त्याखालचा नियम होता. गैरहजेरीत अपील काढून टाकायची मुभा तो नियम देत होता. न्यायालयाने तो तेवढ्यापुरता कायद्याबाहेरचा ठरवला. तर्क सरळ होता. कायदा सांगतो, न्यायाधिकरणाने अपिलावर आदेश द्यावा. अपिलावर म्हणजे अपिलातल्या मुद्द्यांवर. अपीलकर्ता आला नाही, तर दुसऱ्या बाजूचं ऐका, कागद वाचा आणि गुणवत्तेवर निकाल द्या.

आजचा नियम २४, म्हणजे न्यायाधिकरणाच्या १९६३ च्या नियमांमधला, तेच सांगतो. गैरहजेरीत अपील गुणवत्तेवर निकाली काढा. पुढे त्याला एक परंतुक आहे, ते नीट ऐका. अपीलकर्ता नंतर आला आणि न येण्याचं पुरेसं कारण त्याने पटवून दिलं, तर न्यायाधिकरणाने एकतर्फी आदेश रद्द करून अपील पुन्हा फळावर घ्यायचंच. 'घेऊ शकेल' असं नाही. आणि या परंतुकात कुठलीही मुदत लिहिलेली नाही.

इतकं स्वच्छ असताना घोळ कुठे झाला? दिल्ली खंडपीठाचा १९९१ चा मल्टिप्लॅन इंडियाचा निकाल आहे. त्याने एक पळवाट दाखवली. सुनावणीची नोटीस काढली म्हणजे अपील दाखल करून घेतलं असं होत नाही, असं एक नियम सांगतो. मग कुणी आलं नाही तर आम्ही अपील फेटाळत नाही, ते दाखलच झालं नव्हतं असं समजतो! पुढे शेकडो आदेशांत या निकालाचा हवाला दिला गेला. बहुतेकांच्या शेवटी एक सांत्वनपर ओळ असते: करदात्याला वाटल्यास त्याने आदेश मागे घेण्यासाठी अर्ज करावा.

माझी पहिली टीका इथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने समोरचं दार बंद केलं आणि हे मागच्या दाराने आत आले. शब्द बदलला, परिणाम तोच राहिला. अपील फेटाळलं म्हणा नाहीतर दाखल झालं नाही म्हणा, वसुली अधिकारी दोन्हीचा अर्थ एकच काढतो. आणि ती शेवटची ओळ! पुन्हा या असं सांगायचं, पण कधीपर्यंत ते सांगायचं नाही.

चारचे अर्धे

कलम २५४(२) ची मुदत आधी चार वर्षं होती. २०१६ च्या वित्त कायद्याने १ जून २०१६ पासून ती सहा महिने केली. चार वर्षांवरून अर्ध्या वर्षावर! उद्देश समजण्यासारखा आहे. चार वर्षं कुठलाही निकाल डोक्यावर टांगता असणं करदात्यालाही बरं नाही आणि खात्यालाही. कारण दुरुस्तीचा अर्ज आयकर खातंही करतं, हे विसरू नका.

पण मोजणी कुठून सुरू होते ते तसंच राहिलं. चार वर्षं होती तोवर सहीचा दिवस आणि टपालाचा दिवस यातला फरक कुणाला जाचत नव्हता. आठ महिने उशिरा कळलं तरी तीन वर्षांच्या वर शिल्लक. मुदत सहा महिन्यांची झाल्यावर तेच आठ महिने सगळं गिळून टाकतात.

हे लक्षात ठेवून मुंबई उच्च न्यायालयाचा भारत पेट्रोलियमचा २०१३ चा निकाल वाचायला हवा. अपील न चालवल्याबद्दल फेटाळलं होतं, आणि ते मागे घ्या असा अर्ज चार वर्षं उलटल्यावर आला. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, असं अपील फेटाळणं चुकीचंच. न्यायाधिकरणाने गुणवत्तेवर निकाल द्यायला हवा होता. दोन, पण चुकीचा आदेश म्हणजे मुळातच शून्य आदेश नव्हे. तो रद्द होईपर्यंत जिवंत असतो. म्हणून तो मागे घ्यायचा अर्ज कलम २५४(२) च्या मुदतीतच यायला हवा.

त्या खटल्यापुरता मला हा निकाल मान्य आहे. मोठी सरकारी कंपनी, हाताशी वकील आणि चार वर्षांचा अवधी. त्यापुढे कुणी आलं तर न्यायालय "आता पुरे" म्हणणारच. चुकीचा आणि शून्य यांतला भेदही कायद्यात जुना आणि पक्का आहे.

माझी दुसरी टीका या निकालाच्या पुढच्या आयुष्यावर आहे. तो चार वर्षांच्या ऐसपैस खोलीत लिहिला गेला. तीन वर्षांनी संसदेने भिंती आत सरकवल्या. नियम २४ खालच्या अर्जालाही तीच मुदत लावायची हा तर्क मात्र जशाच्या तशा उचलून नव्या खोलीत ठेवला गेला. काही खंडपीठांनी तसं केलं. काहींनी नियम २४ स्वतंत्र मानून अपील पुन्हा ऐकलं. म्हणजे तुमचं भवितव्य तुम्ही कुठल्या खंडपीठापुढे उभे आहात यावर. न्यायाधिकरणाचं ब्रीद आहे 'निष्पक्ष सुलभ सत्वर न्याय'. चार शब्दांत सत्वर तिसरा आहे. त्याला पहिल्या जागी बसवलं की शेवटचा शब्द ढकलला जातो.

दुरुस्ती वेगळी, सुनावणी वेगळी

मुळात दोन वेगळी कामं आपण एका कलमात कोंबतोय. कलम २५४(२) कशासाठी आहे? निकालात बेरीज चुकली, एखादा मुद्दा राहून गेला, रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक झाली, ती सुधारायला. सर्वोच्च न्यायालयाने रिलायन्स टेलिकॉमच्या डिसेंबर २०२१ च्या निकालात हा अधिकार किती अरुंद आहे ते बजावलंय. गुणवत्तेवर दिलेला निकाल या कलमाखाली पूर्ण मागे घेऊन प्रकरण पुन्हा ऐकता येत नाही. मला ते पटतं. एकदा पोटभर ऐकून घेतल्यावर दुसरं ताट मागायचं नाही.

पण आमच्या यंत्रमागधारकांना पहिलंच ताट मिळालेलं नाही. त्यांचं गाऱ्हाणं निकाल चुकला असं नाहीच. ते म्हणतात, मी तिथे नव्हतो आणि का नव्हतो ते ऐका. नोटीस पोचली नाही ही गोष्ट पुष्कळदा आदेशात दिसतही नाही, ती बाहेरून पुरावा देऊन दाखवावी लागते. 'रेकॉर्डवरची उघड चूक' हा साचा तिला बसत नाही. ती नियम २४ च्या 'पुरेसं कारण' या साच्यात बसते. मग मुदत मात्र पहिल्या साच्याची का?

दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गोल्डन टाइम्स सर्व्हिसेसच्या प्रकरणात वेगळी वाट धरली. तिथेही गैरहजेरीत अपील गेलं होतं आणि नंतरचा अर्ज उशिराचा म्हणून नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं, सहा महिने मोजायचे ते आदेश पक्षकाराला मिळाला तेव्हापासून. ही काही नवलाई नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली भूसंपादनाच्या निवाड्याबद्दल आणि २००३ साली बार कौन्सिलपुढच्या फेरविचाराच्या अर्जाबद्दल हेच म्हटलंय. 'आदेशाच्या तारखेपासून' या शब्दांचा अर्थ, ज्याच्यावर परिणाम होतो त्याला तो कळल्यापासून, असा घ्यायचा. दुसरा अर्थ घेतला तर हक्क नुसता कागदावर उरतो.

मला हा निकाल आवडतो, पण टीकाकार म्हणून त्याची मर्यादाही सांगायला हवी. आदेश वेळेत मिळाला, पण माणूस चार महिने रुग्णालयात होता, तर? तारीख सरकवून त्याला काही मिळत नाही. त्याला लागते उशिराची माफी, आणि ती या कलमात नाही. अर्थ लावून जिथवर जाता येतं तिथवर दिल्ली गेली. पुढचं काम संसदेचं.

दुसरी बाजू

आता विरुद्ध बाजूचंही ऐकू. नाहीतर आपणही एकतर्फीच निकाल देऊ. म्हणणं असं की काही करदाते मुद्दाम गैरहजर राहतात. अपील प्रलंबित असेपर्यंत वसुली लांबते, मग फेटाळलं की "नोटीस मिळाली नाही". पत्ता बदलल्यावर कळवायची जबाबदारी अपीलकर्त्याचीच आहे. आणि कुठलाही खटला कधीतरी संपायलाच हवा.

हे सगळं खरं आहे. पण लबाडाला अडवायला 'पुरेसं कारण' ही चाळणी आहेच. दंड लावा, काही रक्कम भरायला लावा, एकच तारीख द्या. तारखेची भिंत मात्र लबाड आणि प्रामाणिक यांत फरक करत नाही. उलट लबाडाकडे चांगला सल्लागार असतो आणि तो पाचव्या महिन्यातच अर्ज टाकतो. भिंतीला डोकं आपटतं ते बेसावध माणसाचं.

अमेरिकेतलं टॅक्स कोर्ट बघा. तिथे निर्णयाची नोंद झाल्यावर तो मागे घ्या असं म्हणायला फक्त तीस दिवस मिळतात. आपल्यापेक्षा कितीतरी कडक. पण नियम १६२ मध्येच पुढे म्हटलंय, न्यायालयाने अन्यथा परवानगी दिली नसेल तर. तेवढ्या फटीतून न्यायाधीशाला माणूस दिसतो. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. एका ठरावीक प्रकारच्या कर प्रकरणात अर्ज करायची तीस दिवसांची मुदत नॉर्थ डकोटातल्या एका वकिली फर्मने एका दिवसाने चुकवली. खालच्या न्यायालयांनी हात वर केले. २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की ही मुदत इतकी पोलादी नाही, योग्य कारण असेल तर वाढवता येईल. त्याच वर्षी टॅक्स कोर्टाने दुसऱ्या एका, नव्वद दिवसांच्या मुदतीबद्दल मात्र ती पोलादीच असल्याचं ठरवलं. तिथेही उशीर एकाच दिवसाचा होता. तेव्हा भांडण तिथेही चालू आहे, पण प्रश्न नेमका विचारला जातो: ही मुदत न्यायालयाचा अधिकारच संपवते, की फक्त पक्षकाराला शिस्त लावते? आपल्याकडे हा प्रश्न स्पष्टपणे विचारला गेला तरी निम्मं काम होईल.

काय बदलायला हवं

फार नाही. कलमातल्या 'आदेश झाला' च्या जागी 'आदेश मिळाला' असा एक शब्द. शेजारच्या दोन्ही कलमांत असलेली उशीर माफीची एक ओळ. आणि गैरहजेरीत फेटाळलेल्या अपिलाचा अर्ज नियम २४ खालीच पाहायचा, हे नियमातच स्पष्ट लिहायचं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा नवा कायदा घेतो, कलमांचे आकडे बदलतात. आकडे बदलल्याने यंत्रमागधारकांचं खातं मोकळं होत नाही.

आणि तोपर्यंत खंडपीठांनी एवढं तरी करावं: १९६९ चा निकाल पाळावा. कुणी आलं नाही तर कागद वाचून गुणवत्तेवर निकाल द्यावा. मग निदान करदाता हरला तरी कशावर हरला हे त्याला कळेल.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, अर्ज सहा महिन्यांच्या आत दिला, पण न्यायाधिकरणाने तो ऐकायलाच वर्ष लावलं तर?*

काळजी करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली, जुन्या चार वर्षांच्या मुदतीबद्दल, सांगितलंय की अर्ज मुदतीत आला असेल तर तो नंतरही ठरवता येतो; न्यायाधिकरणाच्या उशिराची शिक्षा पक्षकाराला नाही. म्हणून आधी पोच घ्या. अर्जाची फी पन्नास रुपये आहे. पन्नास रुपये आणि एक तारीख यांवर पुष्कळ अवलंबून असतं.

*प्रश्न: आणि मुदत गेलीच असेल तर आमच्यासारख्यांनी काय करायचं?*

तीन गोष्टी. आदेश नेमका कधी आणि कसा हातात आला त्याचा पुरावा गोळा करा: परत आलेलं पाकीट, ईमेल, बँकेचं पत्र. अर्जात नियम २४ चा स्पष्ट उल्लेख करा आणि दिल्लीचा निकाल जोडा. महाराष्ट्रात मुंबईचा निकाल समोर टाकला जाणार हे धरून चाला. नाही जमलं तर उच्च न्यायालयात अपील किंवा अनुच्छेद २२६ खाली रिट. आपापल्या वकिलांना विचारूनच करा, मी इथे सल्ला देत नाहीये.

आणि ज्यांचं अपील अजून चालू आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर एकच करा. अपिलाचा फॉर्म ३६ काढा आणि त्यातला पत्ता वाचा. तो आजचा नसेल, तर उद्याच सुधारून द्या.